लाल सळईला पाणी किती लागतं आणि आपण किती देतो?

मागच्या व्हिडिओनंतर जालन्याच्या एका मिलवाल्या मित्राचा फोन आला. म्हणाले, "सर, मार्च लागला की आमचे टँकर सुरू होतात. पाणी कमी वापरा म्हणता, पण सळई तर तेवढीच लाल निघणार ना? मग पाणी कमी कसं लागेल?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. व्हिडिओत मी फळ्यावर हिशोब मांडला, पण घाईत. बऱ्याच जणांना तो पॉज करून करून लिहून घ्यावा लागला. म्हणून इथे सावकाश मांडतो. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडून बसा. आपल्या कारखान्याचे आकडे टाकत टाकत वाचलंत तरच याचा उपयोग आहे.

"जालना सोन्याचा पाळणा" असं जुनी माणसं म्हणायची. आता तो सळईचा पाळणा झालाय. भट्ट्या, री-रोलिंग मिल, त्यावर जगणारे वर्कशॉप, ट्रान्सपोर्टवाले, आणि हे सगळं मराठवाड्यात, जिथे पावसाची खात्री नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. अशा वर्षी पिण्याच्या पाण्याला पहिला हक्क मिळतो आणि तो मिळायलाच हवा. पण त्याचा अर्थ, कात्री आधी आपल्यावर चालते. टँकर महाग झाला हे दुखणं परवडतं. टँकर आलाच नाही तर मिल बंद, कामगार घरी, आणि बँकेचा हप्ता मात्र सुरूच.

आधी सळईचं म्हणणं ऐकू

टीएमटी सळई शेवटच्या स्टँडमधून निघते तेव्हा ती साधारण १,००० अंशांवर असते. क्वेंच बॉक्समधून ती सेकंदभरात पुढे जाते. तेवढ्यात बाहेरचा थर एकदम थंड होऊन कडक होतो, आतला गाभा मात्र लालच राहतो. मग कूलिंग बेडवर आल्यावर आतली उष्णता बाहेर येते आणि सगळी सळई ६०० अंशांच्या आसपास एकसारखी होते. तिथून पुढे तिला हवा थंड करते, फुकट.

म्हणजे पाण्याला सगळी उष्णता काढायची नसते. १,००० ते ६०० एवढ्यातलीच काढायची असते. एका टनाला ती साधारण ३०० मेगाज्यूल येते.

आता पाण्याची बाजू. एक लिटर पाणी १० अंशांनी तापलं तर ते ४२ किलोज्यूल उष्णता घेतं. तेच एक लिटर पाणी कूलिंग टॉवरमध्ये वाफ होऊन उडून गेलं तर जाताना सुमारे २,४२० किलोज्यूल घेऊन जातं. म्हणजे उडालेलं एक लिटर हे १० अंश तापलेल्या ५८ लिटरच्या बरोबरीचं काम करतं. हा आकडा लक्षात ठेवा, सगळा खेळ यावर आहे.

३०० मेगाज्यूलला २,४२० ने भागा. टनामागे १२४ लिटर आलं. रोल, गाइड, फर्नेसचे दरवाजे, बेअरिंग यांची उष्णताही त्याच पाण्यात जाते, म्हणून मी सढळ हाताने २०० लिटर धरतो. शंभर टन रोज काढणाऱ्या मिलला रोज २०,००० लिटर. दहा हजारवाले दोन टँकर.

हे पाणी मात्र खरंच खर्च होणारं आहे. ते हवेत जातं, परत येत नाही. ते कमी करायचं तर उष्णताच कमी करावी लागेल.

आता सांगा, तुमच्याकडे किती टँकर रिकामे होतात? वर सांगितलेल्या मित्राने उत्तर दिलं, "सहा-साडेसहा." उत्पादन शंभर टनच. मग वरचे चार-साडेचार टँकर कोण पितंय? सळई तर पीत नाही.

मीटर नसेल तर टीडीएसचा पेन घ्या

बहुतेक ठिकाणी मी विचारतो, मेकअपच्या लाइनवर मीटर आहे का? उत्तर असतं, "बसवायचंय." विजेला मीटर आहे, डिझेलला डिपस्टिक आहे, भंगार वजनकाट्यावर येतं, आणि पाण्याचा हिशोब टँकरवाल्याच्या चिठ्ठीवर! बोअरचं पाणी तर हिशोबातच नाही. मीटर बसवाच. पण तो येईपर्यंत थांबू नका.

टीडीएस मोजायचा पेन काही शे रुपयांत मिळतो. दोन ग्लास पाणी घ्या. एक टाकीत येणाऱ्या नव्या पाण्याचं, दुसरं संपमधून पंपाकडे जाणाऱ्या फिरत्या पाण्याचं. दोन्ही मोजा.

वाफ होते तेव्हा पाणी उडतं, क्षार मागे राहतात. म्हणून फिरतं पाणी हळूहळू घट्ट होत जातं. आमटी आटली की खारट होते ना, तसं. नवं पाणी ९०० पीपीएम असेल आणि संपमधलं २,७०० असेल, तर पाणी तिप्पट घट्ट झालं. याला सायकल म्हणतात, इथे सायकल ३.

या मित्राने मोजलं. नवं ९००, संपमधलं १,३००. भागाकार १.४४.

या एका आकड्यात सगळी चोरी सापडते. सूत्र साधं आहे: रोजचा मेकअप भागिले (मेकअप वजा वाफ) म्हणजे सायकल. ६५,००० भागिले ४५,००० किती? १.४४. पेनने जे सांगितलं तेच टँकरच्या हिशोबाने सांगितलं. म्हणजे रोज ४५,००० लिटर पाणी वाफ न होता, द्रवरूपातच कारखान्याबाहेर जात होतं. शेठ म्हणत होते, "आम्ही तर ब्लोडाउन करतच नाही." करत नव्हतेच. त्यांच्यासाठी गळती ते काम करत होती. गळती, टाकी भरून वाहणं, टॉवरमधून उडणारे थेंब, हे सगळं ब्लोडाउनच असतं, फक्त ते कोणी ठरवून केलेलं नसतं.

(एक सूचना. पेन क्षारांचा अंदाज देतो, आणि चुना पाइपात बसायला लागला की आकडा फसवतो. पक्कं बघायचं तर लॅबमध्ये दोन्ही पाण्यांचं क्लोराइड तपासून त्यांचा भागाकार करा. क्लोराइड कुठे बसत नाही.)

दुसरी युक्ती याहून सोपी. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री मिल थांबली, सगळं पाणी संपमध्ये परत आलं की मेकअपचा वॉल बंद करा आणि संपच्या भिंतीवर खडूने रेघ मारा. दुसऱ्या संध्याकाळी बघा. उघड्या संपमधून उन्हाळ्यात काही मिलिमीटर पाणी उडणारच. पण चार बोटं उतरलं असेल तर संपला किंवा जमिनीखालच्या लाइनला भेग आहे. मिल चालू असताना ही गळती कधीच कळत नाही, कारण फ्लोट वॉल मुकाट्याने भरत राहतो.

पंपावरचे मामा काय म्हणाले

शोधायला गेलो तेव्हा सगळ्यात मोठं भोक पाइपात नव्हतंच. संपच्या ओव्हरफ्लोखालची जमीन हिरवीगार होती. एप्रिलमध्ये, जालन्यात! गवत गुडघाभर. तिथे पंपावर एक वयस्कर मामा होते, वीस-बावीस वर्षं त्याच कामावर. त्यांना विचारलं, मामा, टाकी वाहते कशी?

ते म्हणाले, "सायेब, पाणी वाहिलं तर कोणी काही म्हणत नाही. कमी पडलं तर समदे माझ्यावरच येतेत. मग मी भरूनच ठिवतो."

मंडळी, हे वाक्य मी आता प्रत्येक बॅचमध्ये सांगतो. मामांचं काही चुकलं नव्हतं. आपण ज्यावर बोलतो ते माणूस सांभाळतो. त्यांना कधी कोणी लिटर विचारलेच नव्हते.

आणि वाहण्यामागे एक तांत्रिक कारणही निघालं, ते बऱ्याच मिलमध्ये असतं. मिल चालू असताना बरंचसं पाणी पाइपात, टॉवरवर, परतीच्या नाल्यात असतं. त्यामुळे संपची पातळी खाली दिसते. फ्लोट वॉल तेवढी भर घालून टाकी काठोकाठ करतो. मग कॉबल होतो, मिल थांबते, पंप बंद होतात, आणि वाटेतलं सगळं पाणी संपमध्ये परत येतं. टाकी तर आधीच भरलेली! झालं, ओव्हरफ्लो. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू, पातळी पुन्हा खाली, फ्लोट पुन्हा उघडला. दिवसात जितके कॉबल, तितक्यांदा पाणी गेलं. ज्या दिवशी उत्पादन वाईट, त्या दिवशी पाणी जास्त.

उपाय काय केला? मिल बंद असताना संप काठाच्या जरा खाली भरून घेतला. मग पंप सुरू करून पातळी कुठे येते ती खूण केली आणि फ्लोट त्या खुणेला बांधला. खर्च शून्य. पंपाशेजारी एक वही लटकवली: रीडिंग, टन, दोन टीडीएस. मामांना वाचता-लिहिता येतं का, असा प्रश्न एकाने केला होता. मामांचं अक्षर त्याच्याहून चांगलं निघालं.

बाकी गळत्या नेहमीच्याच आहेत. पंपाच्या ग्लँडमधून थेंब थेंब पडलंच पाहिजे, नाहीतर पॅकिंग जळेल. पण धार लागली असेल तर बादली लावून मोजा. दहा सेकंदांत एक लिटर म्हणजे दिवसाला ८,६४० लिटर, जवळपास एक टँकर, एका ग्लँडमधून. टॉवरचे ड्रिफ्ट एलिमिनेटर तुटले असतील तर बाजूची भिंत ओली आणि पांढरी दिसेल. चांगल्या एलिमिनेटरमधून फिरत्या पाण्याच्या ०.००५ टक्के एवढंच उडतं. तुटक्या, जुन्या टॉवरमधून ०.२ टक्केही जातं. तासाला २०० घनमीटर फिरत असेल आणि बारा तास मिल चालत असेल तर ते ४,८०० लिटर झालं. सँड फिल्टरचं बॅकवॉश गटारात सोडू नका, स्केल पिटमध्ये परत घ्या, तिथे गाळ बसेल आणि पाणी वापरता येईल.

जास्त पाणी म्हणजे जास्त थंड, हे खरं नाही

इथे मिलवाले माझ्याशी हमखास भांडतात. "सर, सळईची स्ट्रेंथ कमी आली की आम्ही वॉल वाढवतो."

घरी तवा तापलाय का हे बघायला आपण पाण्याचा शिंतोडा मारतो. बेताचा तापला असेल तर पाणी चर्रकन उडून जातं. फार तापला असेल तर थेंब मोत्यासारखे तव्यावर पळत राहतात, लवकर उडत नाहीत. कारण थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि ती उष्णता आत येऊ देत नाही. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १७५६ साली हे लिहून ठेवलं, म्हणून त्याचं नाव या गोष्टीला आहे.

हजार अंशांची सळई म्हणजे असाच जास्त तापलेला तवा. तिच्याभोवती वाफेची चादर असते. ती फोडायला पाण्याचा दाब आणि वेग लागतो, नुसतं पाण्याचं प्रमाण पुरत नाही. नोझल मिल स्केलच्या पापडीने अर्धं बुजलं की एका बाजूचा फवारा मरतो. आपण वॉल वाढवतो, आणि जास्तीचं पाणी ज्या नोझलमधून आधीच नीट जात होतं तिथूनच जातं. बुजलेली बाजू तशीच राहते. उलट झिजलेलं नोझल बघा. १० मिमीचं भोक ११ मिमी झालं, फक्त एक मिलिमीटर, तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं. तेवढं पाणी जास्त आणि दाब कमी. म्हणून स्ट्रेंथ कमी आली की आधी नोझल काढून बघा, गाळणी साफ करा, प्रेशर गेज खरंच चालतंय का ते बघा. आणि क्वेंचचं पाणी गरम तर झालं नाही ना, ते बघा. ते ४० अंशांच्या वर गेलं की वाफेची चादर जाड होते, मग तुम्ही कितीही ओता.

क्वेंच बॉक्सचं पाणी कमी करून बचत करायला जाऊ नका. ते फिरून परतच येतं. बचत आहे ती परत न येणाऱ्या पाण्यात.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी एका मिलमध्ये (नाव सांगत नाही, मालक आजही फोन उचलतात हीच मेहरबानी) आम्ही गळती बंद केली, ओव्हरफ्लो थांबवला. आकडे इतके छान आले की मी हुरळलो. म्हटलं, आता ब्लोडाउनही पूर्ण बंद करू. सायकल तीनवरून पाच, पाचवरून सातवर गेली. मी ते कौतुकाने बॅचमध्ये सांगतही होतो.

दीड महिन्याने मालकांचा रात्री फोन. "सर, पाणी वाचलं, पण माल अडकला." टॉवरच्या फिलवर काचेसारखा पांढरा थर बसला होता. क्वेंचची नोझल आतून अरुंद झाली होती. सळई एका बाजूने कमी थंड होत होती. एफई ५०० च्या लॉटमधले तुकडे टेस्टिंग मशीनवर काही ५०० च्या वर, काही खाली. आयएस १७८६ ला ५०० च्या खालची सळई चालत नाही. लॉट बाजूला काढावा लागला.

मी कडकपणा तपासला होता, सिलिका तपासली नव्हती. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात सिलिका असते. खास केमिकल नसेल तर फिरत्या पाण्यात ती १५० पीपीएमच्या आत ठेवायची, असा ठोकताळा आहे. त्या बोअरला ४० होती. ४० गुणिले सात म्हणजे २८०. साधा गुणाकार होता, मी केला नाही. आणि सिलिकाचा थर साध्या ॲसिडने जात नाही. फिल बदलावं लागलं.

त्यात गंमत ही, की त्या शेवटच्या टप्प्यात वाचत होतं तरी किती? २०,००० लिटर वाफेवर सायकल २ असेल तर मेकअप ४०,००० लागतो. सायकल ३ ला ३०,०००. सायकल ५ ला २५,०००. आणि दहापर्यंत ताणली तरी २२,२०० लागतातच. दोनवरून तीनला गेलात की रोज एक टँकर वाचतो. पाचवरून दहाला गेलात तर पाव टँकरच्या आसपास, आणि त्यासाठी सगळी मिल पणाला. म्हणून माझा सल्ला आता असा असतो: आधी पाण्याचा पूर्ण रिपोर्ट काढा, १५० ला तुमच्या सिलिकाने भागा, जे येईल त्याच्या जरा खाली थांबा. ४० सिलिकावाल्याने साडेतीनला थांबावं. त्याहून वर जायचं असेल तर केमिकलवाल्याला बोलवा, आणि त्याने काय द्यायचं ठरवलंय ते लेखी घ्या.

सुरुवातीच्या मित्राकडे आम्ही लक्ष्य सायकल ३ ठेवलं, म्हणजे मेकअप ६५,००० वरून ३०,०००. हिशोबासाठी टँकर १,५०० रुपये धरा, तुमचा दर वेगळा असेल. रोजचे साडेतीन टँकर म्हणजे ५,२५० रुपये, टनामागे साडेबावन्न. उन्हाळ्याचे ७५ कामाचे दिवस धरले तर चार लाखांना थोडेच कमी. यात मशिनरी एकही घेतलेली नाही.

उष्णताच कमी दिली तर

हे मोठ्यांचं काम वाटतं, पण विचार करून ठेवा. ज्यांच्याकडे भट्टी आणि मिल एकाच आवारात आहे, ते बिलेट थंड करून, ढीग लावून, मग पुन्हा तापवत असतील तर पाणी आणि इंधन दोन्ही जातं. गरम बिलेट सरळ रोलिंगला गेलं तर ती उष्णता पाण्यात जातच नाही. इंडक्शन फर्नेसच्या कॉइलचं पाणी बंद सर्किटमध्ये वेगळं ठेवावं, ते उघड्या टॉवरच्या पाण्यात मिसळू नये. तिथे खराब पाणी गेलं तर फक्त पाणी नाही, कॉइल जाते.

शेडवरच्या पावसाचंही गणित करून बघा. एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर. २,००० चौरस मीटरचं शेड, ६५० मिमी पाऊस, वीस टक्के वाया धरला तरी १०,४०,००० लिटर. शंभरावर टँकर. एवढं साठवायला टाकी कोण बांधणार, हा प्रश्न रास्त आहे. साठवू नका. पावसाळ्यात ते थेट मेकअपला घ्या, तेवढे दिवस बोअरला विश्रांती द्या. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे ब्लोडाउनही कमी लागतं. पत्र्यावरची मिलची काजळी धुऊन जाण्यासाठी पहिले दोन पाऊस तेवढे सोडून द्या.

कागदपत्रांचंही थोडं. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दिवसाला १० घनमीटरपेक्षा कमी भूजल काढणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना एनओसीतून सूट आहे, आणि १०० घनमीटरच्या वर गेलात तर वॉटर ऑडिट मागे लागतं. मधले जे आहेत, त्यांनी आपलं कन्सेंट काढून अटी एकदा नीट वाचाव्यात. ४५ घनमीटर गळती असलेला माणूस विनाकारण मोठ्या गटात बसतो.

तर या आठवड्याचा गृहपाठ. सात दिवस रोज सकाळी एकाच वेळी चार आकडे: मेकअपचं रीडिंग (मीटर नसेल तर टँकर आणि बोअरचे तास), कालचे टन, नव्या पाण्याचा टीडीएस, संपमधला टीडीएस. सुट्टीच्या दिवशी खडूची रेघ. आठव्या दिवशी मला पाठवा, पुढच्या व्हिडिओत त्यातले तीन-चार हिशोब नाव न घेता फळ्यावर सोडवू. हीट ट्रीटमेंटवाले विचारत होते त्या पॉलिमर क्वेंचचं त्यानंतर घेतो, त्याचं गणित वेगळं आहे.